टाकीवरची बहिरी

१४ नोव्हेंबर २०११, सोमवार

बहिरी आली. सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेलो तर मुकुंदवाडीच्या पाण्याच्या टाकीवर, मागच्या हिवाळ्यात बसायची त्याच कोपऱ्यात बसलेली. पाठ पाटीसारखी काळपट निळी, छाती पांढरी, तिच्यावर बारीक आडव्या रेघा, आणि डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा. ससाणे मी लई पाहिले, पण बहिरी ससाण्याचा रुबाब दुसऱ्या कुणात नाय. लोक म्हणतात ही पार बर्फाच्या मुलखातून येते. एवढं जग सोडून ती आमच्या टाकीवर उतरते, तेव्हा आमची टाकीही काही साधीसुधी नसणार.

धावत खाली जाऊन चतुराला सांगितलं. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत पोळ्या लाटायला लागली. एक शब्द नाय.

भाऊबीजेपासून हे चाललंय. तिचा भाऊ सांडू ओवाळून घ्यायला आला होता. जेवताना त्यानं नेहमीचं रडगाणं काढलं, आमचं येळगव्हाण असं होतं, आमची गोदाकाठची गंगथडी तशी होती. येळगव्हाण म्हणजे चतुराचं माहेर. जायकवाडीच्या पाण्यात गेलं त्याला पस्तीस वर्षं झाली, पण सांडूच्या तोंडून काही जात नाय. मी आपला गमतीनं म्हणालो, "सांडूराव, तुमचं गाव बुडालं म्हणून तर आमाला कैकर बघायला मिळाला." कैकर म्हणजे मासे मारणारा गरुड. सांडू हसलासुद्धा. चतुरानं मात्र तेव्हापासून अबोला धरलाय. चाळीस वर्षांच्या संसारात रुसली नाय असं नाय, पण दोन दिवसांत गाडी रुळावर यायची. यावेळी बाईनं हद्द केली.

तिनं बोलावं एवढंच मला पाहिजे. मी स्वतः होऊन विचारणार नाय, ही गोष्ट वेगळी.

१७ नोव्हेंबर

यंदा घारींना काय झालंय कळत नाय. मटणाच्या दुकानांवर नेहमीसारख्या घिरट्या घालतात, पण एकीच्याही तोंडून आवाज नाय. त्यांची ती लांबलचक, शेवटी थरथरत जाणारी शीळ मला फार आवडायची. छावणीत शाळेला होतो तेव्हा मी आणि दस्तगीर, तोच जो आता शेजारच्या छतावर कबुतरं पाळतो, डब्यातला भाकरीचा तुकडा वर फेकायचो आणि घार तो हवेतच उचलायची. कधी तर हातातून न्यायची. दस्तगीरच्या बोटावर अजून एक वण आहे, तो लोकांना अभिमानानं दाखवतो. त्या घारी दिवसभर बोंबलायच्या. आताच्या अगदी मुक्या.

घारीच कशाला, स्टेशनही शांत झालंय. गाड्या भोंगा न देता जातात. बरं झालं म्हणा, ड्रायव्हरांना अक्कल आली. कुकर पण शिट्टी देईना झालाय. चतुराला म्हणालो, शिट्टी बदलून आणू का? तिनं कुकरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

दुपारी ती गच्चीवर माझ्या शेजारीच येऊन बसते. मेथी निवडते, तूर निवडते. माझ्याशी बोलत नाय, पण ओठ सारखे हलत असतात. जप धरलाय बाईनं. या वयात देवाचं नाव घ्यावं, मी कशाला आड येऊ? पण मी दुर्बीण लावून बसलेलो आणि शेजारी ही पुटपुटत बसलेली, म्हणजे जरा एकटं वाटतं. देवाशी तासन् तास बोलते आणि नवऱ्याशी एक अक्षर नाय.

२३ नोव्हेंबर

आज टाकी रिकामी. बहिरी कुठं लांब गेली असेल शिकारीला. बसल्या बसल्या नाथसागरचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावरचे दिवस आठवले.

मी पाटबंधारे खात्यात गेज रीडर होतो. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर पाणी कुठवर चढलं ते वाचायचं आणि वर कळवायचं. काम साधं, पण त्या दिवसांत लई मोठं वाटायचं. मराठवाड्यानं एवढं पाणी कधी पाहिलं होतं? रोज सकाळी पट्टी वाचली की आमची छाती फुगायची. धरण पहिल्यांदा भरत आलं त्या हिवाळ्यात मी चतुराला मुद्दाम बघायला नेलं. म्हणालो, हा बघ आपला समुद्र. आणि त्याच दिवशी कैकर दिसला.

वर एका जागी पंख मारत थांबला. मान खाली घालून पाण्यात बघितलं, आणि पाय पुढं काढून असा कोसळला की अर्धा पाण्यात गेला. वाटलं, बुडालाच. मग जोर लावून उठला, अंग झाडलं, पंजात हातभर मासा, त्याचं तोंड पुढच्या बाजूला करून धरलेलं. मी टाळ्या वाजवल्या. तिथून मला शिकारी पक्ष्यांचं वेड लागलं.

मग दर हिवाळ्यात आमची फेरी ठरलेली. चतुरानं कधी नाय म्हटलं नाय. भाकरी बांधून घ्यायची आणि पाण्याकडं पाठ करून बसायची. ऊन डोळ्यावर येतं म्हणायची. तिची पाठ पाण्याकडं, माझी दुर्बीण पाण्याकडं, काठच्या गवतावरून भोवत्या नावाचा शिकारी पक्षी पंख न हलवता तरंगत चाललेला, आणि आमच्या दोघांच्या मध्ये फडक्यावर ठेचा. याच्याइतके सुखाचे दिवस मला दुसरे आठवत नायत.

पुढं शेंद्र्याची आमची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा मी फार त्रागा केला होता. तिथल्या ज्वारीवर कापशी नावाची पांढरी घार एका जागी तरंगत राहायची, लाल डोळ्यांची, देखणी. तिथं आता कारखान्याचं फाटक आहे. मी जेवण टाकलं तेव्हा चतुरा म्हणली होती, "तुमची जागा दिसती तरी. जाऊन उभं ऱ्हाता येतं." मला ते तेव्हा फार कोरडं वाटलं. अजून वाटतं.

२ डिसेंबर

आज गंमत झाली. चतुरा दारात शेजारच्या आवडाबाईशी बोलत होती. तिच्याशी बोलायला तोंड आहे. मी वर गच्चीवर. दोघी मधूनमधून वर बघत होत्या. आवडाबाईचा आवाज म्हणजे नुसता पत्रा, त्यामुळं तिचा तेवढा एक शब्द माझ्यापर्यंत आला, "बहिरे."

मला आनंद झाला. म्हणलं चला, बायकांनाही गोडी लागली. वरूनच मोठ्यानं सांगितलं, "व्हय, बहिरी आलीय. टाकीवर बसलीय, कबुतर खातीय."

आवडाबाईनं पदर तोंडात कोंबला. चतुरा तर भिंतीला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. लई दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं. संध्याकाळी आमचा मुलगा कारभारी कंपनीतून आला, त्यालाही तिनं सांगितलं असावं, कारण पोरगा जेवताना घास हातात धरून हसत होता. मला बरं वाटलं. एका पक्ष्यानं घर हसतं केलं.

९ डिसेंबर

आज दस्तगीरशी भांडण झालं. इतक्या वर्षांत पहिलंच.

सकाळी त्यानं कबुतरं उडवली होती. थवा टाकीला वळसा घालून आला आणि बहिरी कोपऱ्यातून नुसती सुटली. आधी वर गेली, इतकी वर की दुर्बिणीतही ठिपका झाली. मग पंख मिटले. पुढचं मला नीट सांगता येणार नाय. दगड पडतो तशी आली, थव्यातल्या एका पांढऱ्या नराला वरून फटका दिला आणि तो जमिनीवर पडायच्या आत वळून त्याला पकडलं. पांढरी पिसं आमच्या गच्चीवर उतरत राहिली. जन्माचं सार्थक झालं असं वाटलं. मी "वा" म्हणालो, जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण पाच मिनिटांत दस्तगीर जिना चढून वर.

तो त्याचा लाडका नर होता. कितीतरी वेळ तो हातवारे करत होता. मग जवळ येऊन माझ्या कानाशी तोंड आणून ओरडायला लागला, तेव्हा कुठं तो काय म्हणतोय ते कळलं. शेवटी दमून खाली बसला. पण त्यालाही पक्ष्यांचं वेड घरातूनच आहे. त्याचे वडील एका नवाबाच्या ड्योढीत, म्हणजे वाड्यात, शिकारी पक्षी सांभाळणाऱ्या मीर शिकाराच्या हाताखाली होते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर ड्योढी मोडली, माणसं पांगली, तेव्हा पक्ष्यांना खाऊ घालायला कुणी उरलं नाय. मीर शिकारानं एका सकाळी छावणीच्या मोकळ्या मैदानात एकेकाच्या डोळ्यांवरची टोपी काढली आणि सोडून दिलं. बाज गेला, शिकरा गेला. बहिरी मात्र दोनदा परत त्याच्या हातावर येऊन बसली. वडील हे सांगताना रडायचे म्हणे. आज ते पुन्हा माझ्या कानात सांगताना दस्तगीरचाही आवाज भरून आला असावा, तोंडावरून तसं वाटलं.

मी म्हणालो, बिचारी बहिरी, ऐकू येत नसेल म्हणून गेली नसेल. दस्तगीर माझ्याकडं बघत राहिला. मग कानात ओरडला, "अरे बहरी का माने बहरी नै. बहर बोले तो समंदर. समंदर की है वो."

मी थक्क झालो. आयुष्यभर मी या पक्ष्याला कानानं अधू समजत आलो. तिच्याबद्दल दया यायची. तिला ऐकू जावं म्हणून मी गच्चीवरून तिच्याशी मोठ्यानं बोलायचो. आणि ती निघाली समुद्राची.

एवढ्यावर थांबला असता तर दस्तगीर माझा देव झाला असता. पण पुढं म्हणाला, "बहरी वो नै, बहरा तू हुआ है, सूर्यभान. भाभी कब से दीवार से बात कर री."

मी त्याला जिन्याकडं बोट दाखवलं.

१० डिसेंबर

कबुतर गेल्याचा राग माझ्यावर काढला, दुसरं काय. मला सगळं ऐकू येतं. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

भिंतीवरचं घड्याळ काढून कानाला लावलं. बंद पडलं होतं. कारभारीला म्हणालो, सेल टाक याच्यात. त्यानं घड्याळ हातात घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. सेकंदाचा काटा फिरत होता.

१७ डिसेंबर, शनिवार

कारभारीनं कानाच्या डॉक्टरकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला डबडी लावली. आवाज आला की बटण दाबा म्हणे. मी बराच वेळ आवाज सुरू व्हायची वाट बघत बसलो. बाहेर आलो तर डॉक्टरीणबाई म्हणली, झालं आजोबा.

मशीन बसवलंय. डाव्या कानात. शरम वाटते. येताना रिक्षात तोंडावर रुमाल धरून बसलो, जसं काही दात पडलेत.

१८ डिसेंबर

घारी ओरडतात. सगळ्या ओरडतात. पहाटे उठून गच्चीवर गेलो आणि ती शीळ ऐकून मी ढसाढसा रडलो, लिहायला लाज कसली. गाडीचा भोंगा ऐकला. कुकरची शिट्टी ऐकून दचकलो. दस्तगीरच्या कबुतरांच्या पंखांचा फडफडाट त्याच्या छतापासून माझ्यापर्यंत आला. जाऊन त्याला मिठी मारून आलो. त्यानं फक्त मशीनकडं बघून मान डोलावली, माणूस मोठ्या मनाचा.

मग चतुराला विचारलं, एवढे दिवस गच्चीवर बसून कुणाचा जप करत होतीस?

"कसला जप? तुमच्याशी बोलत व्हते."

म्हणजे अबोला नव्हताच. ती रोज दुपारी माझ्या शेजारी बसून माझ्याशी बोलत होती आणि मी दुर्बीण लावून बसलो होतो. विचारलं, काय बोलत होतीस? ती पीठ मळत होती.

"आता झालं बोलून," म्हणली.

२८ डिसेंबर

मला आता सगळं ऐकू येतं, चतुरा सोडून. तिच्या बांगड्या ऐकू येतात, विळीवरचा कचकच आवाज ऐकू येतो, रात्री गुडघ्याच्या कळेनं तिचं कण्हणं ऐकू येतं. पण ती गच्चीवर आली की गप्प. ओठही हलत नायत. चहा घेता का, गोळी घेतली का, एवढंच. पहिल्या दिवसापासून आमच्यात एवढंच बोलणं होतं की काय, मी आठवून बघतोय. मीच बोलायचो बहुतेक. पक्षी दाखवायचो.

ज्या दिवसांना मी अबोला समजलो ते परत यावेत असं आता वाटतंय. त्या दिवसांत ती माझ्या शेजारी बसून जे बोलली ते मला पाहिजे. मागावं तरी कसं?

५ जानेवारी २०१२

आज गच्चीवर असताना मशीनचा सेल संपला. मी तिला म्हणालो, सेल गेला, कारभारी आला की आणेल. तिनं मान हलवली. हरभऱ्याचे घाटे सोलत होती. थोड्या वेळानं बघतो तर ओठ हलायला लागलेले. हळूहळू हातही थांबले. चेहरा असा मोकळा झाला की लग्नाच्या वेळची चतुरा मला दिसली. मध्येच हसली, मध्येच डोळे पुसले.

टाकीवर बहिरी बसलेली होती. मी दुर्बीण तिकडं धरली, आणि तिच्या कडेनं चतुराकडं बघत राहिलो.

माझ्यासारख्या बहिऱ्याशीच तिला बोलायचंय. ऐकणाऱ्याशी नाय.

८ जानेवारी, रविवार

कारभारीनं सेल आणून दिले. मोरीत जाऊन मशीनमध्ये घातला आणि बाहेर येऊन म्हणालो, नाय चालत मशीन, दुरुस्तीला टाकावं लागेल, तोवर राहू दे कानातच. खोटं बोललो.

दुपारी ती बोलायला लागली. आधी साधंच. दूध पातळ येतंय, आवडाबाईची सून उशिरा उठती, गुडघा दुखतोय. मी टाकीकडं बघत बसलो. मग कशावरून कोण जाणे, चिंच आली.

"आमच्या घरामागं चिंच व्हती. पाणी चढलं तवा घर गेलं, मारुती गेला, चिंचंचा शेंडा तेवढा वर राह्यला. वाळला तरी उभा. तुमी मला न्हेलं आन् बोट करून दावलं, बघ बघ, कैकर कुठं बसलाय. आमच्या चिंचंवर बसला व्हता त्यो. आमच्या अंगणातला मासा खात व्हता. तुमी टाळ्या वाजिवल्या."

राग नव्हता आवाजात. दूध पातळ येतं हे सांगितलं तसंच सांगितलं. पुढं म्हणली, दरसाल न्ह्यायचे मला, आन् मी जायची, का की तेवढंच माहेरी जाणं. फक्त बघवत नव्हतं.

ऐकू न येणाऱ्या माणसाचं तोंड कसं ठेवायचं ते मला कळेना, इतके दिवस तेच तोंड घेऊन हिंडत होतो तरी. मी दुर्बीण टाकीवरच धरून ठेवली. बोललो असतो तर ती थांबली असती.

त्या वाळक्या फांदीवर बसलेला कैकर मला आजही जसाच्या तसा दिसतो. तिला तेव्हा काय दिसत होतं ते आज कळलं, आणि चांगलंच जिव्हारी लागलं.

९ जानेवारी

आज तिनं येळगव्हाणची सगळी आळी सांगितली. कोणाचं घर कुठं, पाणवठ्याला वाट कुठून. मी लिहून काढणार होतो, पण नाय लिहीत. ते तिचं आहे.

११ जानेवारी, बुधवार

सकाळी कारभारी म्हणाला, दादा, रविवारी नाथसागरला जाऊ, कैकर आलाय म्हणतात. मी म्हणालो, आईला विचार.

दुपारी ती गच्चीवर आली, सुपात तीळ घेऊन, संक्रांतीचे. निवडायला बसली. सांगू लागली की गंगेला पूर आला की त्यांच्या ओसरीपर्यंत पाणी यायचं, आणि तिची आई पाण्याला हळदकुंकू वाहायची, मग पाणी आपलं आपण परत जायचं. सगळ्यांना वाटलं, याही वेळी जाईल. तिची आई तर खोलीला कडी लावून, तुळशीला पाणी घालून निघाली होती.

एवढ्यात टाकीवर गडबड झाली. बहिरी उठली असणार, दस्तगीरची कबुतरं चौफेर उधळली. मी तिच्या बोलण्यात गुंतलो होतो, तिकडं बघितलंच नाय. बघायला पाहिजे होतं, कारण चतुरानं ते बरोबर टिपलं. सुपातली नजर वर न करता, त्याच आवाजात तिनं विचारलं,

"सेल घातलाय नव्हं मशीनमधी?"

म्हणलं संपलं, आता ही कायमची गप्प होणार. पण तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलवेना.

"व्हय," मी म्हणालो.

"कवापस्नं?"

"रविवारपस्नं."

तिनं तिळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग आणखी एक.

"चिंचंच्या पल्याड सांडूचा गोठा व्हता," ती म्हणली, "आन् त्याच्या पल्याड विहीर," आणि पुढं सांगत राहिली.